मार्वेच्या होडीपलीकडलं तिखट

शुक्रवार : लालबाग

एप्रिल संपत आला की आमच्या कोल्हापुरात गच्चीगच्चीवर मिरच्या पसरलेल्या असतात आणि चटणीचं कांडप उरकल्याशिवाय घरातल्या बाईला कुठं हलता येत नाही. यंदा आमची चटणी लवकर कांडून झाली. मालाडच्या थोरल्या नणंदेला ही बातमी कशी लागली कोण जाणे, पण दुसऱ्याच दिवशी फोन आला. "तुझं झालं ना? मग आता माझा मसाला करायला ये. आणि एक दिवस जास्तीचा काढून ये, तुला मुंबईतलं एक गाव दाखवायचंय. जेवायला जायचंय तिथं."

ताई मूळच्या आमच्याच घरातल्या, म्हणजे तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेल्या. लग्न होऊन मालवणकरांच्या घरात गेल्या, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या आणि कांदा-लसूण चटणी सोडून मालवणी मसाल्याच्या झाल्या. राहतात मालाडला, पण वर्षाचा मसाला लालबागलाच. मालाडमध्ये चक्की नाही का, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी उत्तरही दिलं नाही.

चिंचपोकळीला उतरलो. लालबागच्या मसाल्याच्या बाजारात वाट विचारावी लागत नाही, दुकानांच्या आधी शिंका येतात. चिवडा गल्ली ओलांडली की दोन्ही बाजूंनी मिरच्यांची पोती, तोंडं उघडी करून ठेवलेली. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी, लवंगी, पांडी, रेशमपट्टी. कढयांवर मसाले भाजणारी पोरं तोंडाला फडकं बांधून. आणि मागं मसाला कांडणाऱ्या डंकांची धडधड, आपण बोललेलं आपल्यालाच ऐकू येत नाही.

दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारत होता. "रंग पाहिजे की तिखट?"

आमच्याकडं असं कुणी विचारत नाही. गडहिंग्लजच्या बाजारातली जवारी संकेश्वरी घ्यायची, रंगाला थोडी ब्याडगी टाकायची, झालं. मुंबईत मात्र बायका मिरच्यांचं गणित मांडत उभ्या होत्या. माझ्या पुढच्या काकू कुठल्यातरी कोळीवाड्यातल्या असाव्यात, त्यांनी चार प्रकारच्या मिरच्या वेगवेगळ्या तोलून घेतल्या आणि वर दुकानदारालाच ऐकवलं की गेल्या वर्षी तुझी संकेश्वरी जुनी होती.

बेडगीचं नाव कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावावरून पडलं. सुरकुतलेली, गडद लाल, आणि तिखटपणा बेताचा. २०११ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिच्या रंगाचा अर्क लिपस्टिकमध्ये आणि नखांच्या रंगातही जातो, हे ताईंनी मला तिथंच सांगितलं आणि शेजारच्या दोन मुली एकमेकींकडं बघून हसल्या. ताईंचं प्रमाण ठरलेलं आहे: निम्मी बेडगी, उरलेल्यात संकेश्वरी, आणि मूठभर लवंगी. ती मूठ सासरच्या मंडळींसाठी, म्हणे.

मसाला कांडायला जाणार असाल तर शक्यतो मधल्या वारी आणि सकाळी लवकर जा. एप्रिल-मे महिन्यांत डंकावर नंबर लागतो आणि तास-दोन तास सहज जातात. मिरच्या घरी नेऊन ऊन दाखवून, देठं काढून आणल्या तर उत्तम, नाहीतर देठं काढून देणाऱ्या बायका तिथंही असतात. मसाला पडत असताना आपल्या डंकापासून हलू नका. आणि डोळ्यांत लेन्स घालणाऱ्यांनी त्या दिवशी चष्मा घालावा.

नंबर येईपर्यंत फूटपाथवर बसलो. ताईंची थोरली जाऊ एकेकाळी इथंच लालबागला राहायची आणि गिरणी कामगारांना जेवण घालायची. कोकणातून आलेले, घाटावरून आलेले, एका खोलीत पाळीपाळीनं झोपायचे आणि जेवायला अशा खानावळवाल्या बाईकडे. महिन्याचे पैसे पगाराला, तोवर किराणा उधारीवर आणि उधारी सावकाराच्या व्याजानं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेची कर्जं मिळवून दिली, तेव्हा त्यांची सावकाराच्या फासातून मान सुटली. पुढं १९८२ चा संप झाला आणि जेवणारेच गावाला परतले.

"जाऊबाईंकडे मालवणचे सहा आणि साताऱ्याचे पाच," ताई म्हणाल्या. "मालवण्यांना खोबरं कमी वाटायचं, सातारकरांना तिखट. तिनं दोन मसाले ठेवले होते. कालवण एकच, वरून फोडणी वेगळी."

मला हे फार आवडलं. एका पातेल्यातून दोन जिल्हे जेवून उठायचे.

संध्याकाळी गरम मसाल्याचा डबा मांडीवर घेऊन लोकलमध्ये बसलो. आमच्या आजूबाजूला जरा जास्तच जागा मोकळी राहिली.

शनिवार : मार्वे, मनोरी

मालाड पश्चिमेहून मार्वेला बस जाते. ऑर्लेम, मालवणी या वस्त्या मागं पडल्या की नौदलाच्या आयएनएस हमलाची लांबच लांब भिंत लागते आणि ती संपली की रस्ताच संपतो. पुढं खाडी. पलीकडं मनोरी. मधे होडी.

होडी म्हणजे सपाट बुडाची मोठी लाँच. आधी स्कूटर-मोटरसायकली चढतात, मग माणसं. आमच्याबरोबर एक गॅसचं सिलिंडर, फुलांच्या दोन टोपल्या, बर्फाच्या लाद्या आणि बिछान्याची नवी गादी होती. चहा निवायच्या आत पलीकडं पोचतो, पण तेवढ्यात मालाडचा गोंगाट गळून पडतो. दोन्ही काठांना तिवरं. भरती होती म्हणून सरळ धक्क्यावर उतरलो. ओहोटीला चिखल आणि शेवाळ असतं, तेव्हा घसरणाऱ्या चपला घालून येऊ नका. तिकिटाला सुटे पैसे ठेवा. परतीची शेवटची होडी कधी हे उतरल्या उतरल्या विचारून घ्या.

मनोरी महापालिकेच्या हद्दीत आहे, म्हणजे कागदोपत्री मुंबईच. पण रस्त्याकडेला ताडाची झाडं, विहिरी, कौलारू घरांपुढं ओटे, चौकाचौकात पांढरे क्रूस आणि त्यांवर शेवंतीचे हार. कुठल्याशा ओट्यावर एक म्हातारी सुकट निवडत होती. पुलाचं काय झालं, असं ताईंनी रिक्षावाल्याला विचारलं. मार्वे-मनोरी पुलाचं बोलणं इथं बरीच वर्षं चाललंय. "पूल झाला तर बरं," तो म्हणाला, "आजारी माणसाला रात्री न्यायची लय पंचाईत." थोडं पुढं गेल्यावर म्हणाला, "पण मग तुमची मालाडची सगळी गर्दी हिकडंच."

जेवायची जागा चर्चच्या मागच्या आळीत. पाटी नाही. जुन्या घराच्या ओट्यावर चार टेबलं, त्यांवर फुलाफुलांचं प्लॅस्टिक, भिंतीवर येशूची तसबीर आणि तिच्यापुढं लाल दिवा. शनिवार-रविवार फक्त दुपारचं जेवण, आणि तेही आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तर. जागेचं नाव मी इथं लिहिणार नाही. बाईंनीच तसं सांगितलं. "फोटो टाक, जेवान टाक, नाव नको. वीस मानसांच्या वर माजे हातान नाय व्हत." मनोरीत कुणालाही विचारा, खायचे फुगे कुठं मिळतात म्हणून, लोक हात धरून नेऊन सोडतील.

बाई सत्तरीच्या. गावात सगळे त्यांना आंटीच म्हणतात, सूनसुद्धा. त्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-साष्टी-वसईकडच्या मूळच्या मराठी ख्रिस्ती समाजातल्या. पोर्तुगिजांच्या काळात हे लोक ख्रिस्ती झाले. १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी हे नाव घेतलं, गोव्याकडून मुंबईत नोकरीला येणाऱ्या ख्रिश्चनांपासून आपण वेगळे कळावेत म्हणून. घरातली भाषा मराठीच, आपल्याला कोळी-आगरी बोलीच्या जवळची वाटते. मला निम्मं कळत होतं, ताईंना सगळं.

"आदी जेव, मंग बोल," आंटींनी बसता बसता सांगून टाकलं.

पहिल्यांदा फुगे आले. मैदा, अंडं, नारळाचं दूध. पीठ आंबवून मुठीतून गोळा सोडतात आणि तळतात. पूर्वी ताडीनं आंबवायचे, आता बहुतेक घरांत यीस्ट. तळल्यावर टम्म गोल होतात, आतून पोकळ आणि जाळीदार, जिभेला किंचित गोड. पुरीची सवय असलेल्यानं दोन-तीन गृहीत धरावेत, मी पाच खाल्ले.

आणि त्याबरोबर कोंबडीची खुडी. कांदा आणि सुकं खोबरं निखाऱ्यावर भाजून वाटलेलं, त्यात बाटलीचा मसाला. रंग आमच्या तांबड्या रश्शाच्या जवळ जाणारा, वर लाल तवंग, त्यामुळं मी सावरून पहिला घास घेतला. काहीच झोंबलं नाही. धुराचा वास, भाजलेलं खोबरं, मग कुठंतरी मागं तिरफळासारखं काहीतरी. तांबडा रस्सा पहिल्या घोटालाच नाक-डोळे मोकळे करतो. खुडीचं तिखट भात निम्मा संपल्यावर येतं, कानामागून, आणि मग जेवण होईपर्यंत जात नाही. ताई माझ्याकडं बघत होत्या. "आलं का?" म्हणाल्या. आलं होतं.

शेजारच्या टेबलावर बोरिवलीचं एक तरुण जोडपं होतं. त्यातल्या मुलाला मटणाचं लोनवास चांगलंच लागलं. तो तांब्यानं पाणी पीत सुटला. ताईंमधली मास्तरीण जागी झाली. "पाणी नको रे, पाण्यात ते विरघळत नाही. मिरचीतलं कॅपसायसिन तेला-तुपात विरघळतं, ताक घे, नाहीतर नारळाचं दूध." आतून सूनबाई नारळाच्या दुधात भिजवलेल्या तांदळाच्या घावनासारखं काहीतरी घेऊन आल्या. चिटाप म्हणतात त्याला. पोरगा शांत झाला. ताई मात्र थांबल्या नाहीत. मिरची जीभ भाजत नाही, उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना फसवते आणि मेंदूला वाटतं आग लागली. ती उष्णता ओळखणारी जागा शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, दुसऱ्या एका शास्त्रज्ञाबरोबर विभागून. आणि तिखट बियांत नसतं, बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटतात त्यात असतं. "म्हणजे आम्ही इतकी वर्षं बिया काढून टाकतोय ते?" मुलीनं विचारलं. "बियांबरोबर गाभाही निघतो ना, म्हणून कमी लागतं," ताई.

कोपऱ्यातल्या टेबलावर पार्ल्याचे एक आजोबा एकटेच जेवत होते. दर महिन्याला येतात, स्टीलचा चारपुडी डबा घेऊन. इथं जेवायचं आणि डबा भरून न्यायचा. त्यांची तक्रार अशी की यंदाच्या मसाल्याला जोर नाही. आंटी स्वयंपाकघरातूनच ओरडल्या की अजून गेल्या वर्षाचीच बाटली चाललीय, नवीन मसाला पुढच्या आठवड्यात, आणि जोर नाही तर जोर मसाल्यात नाही का तुमच्या जिभेत नाही ते आधी बघा. आजोबांनी आणखी दोन फुगे मागवले.

आम्ही कोळंबी-वांग्याचं कालवणही घेतलं. ते बरं होतं, पण वांगं जास्त शिजलेलं. पोर्क इंदियाल दोन टेबलांवर गेलं, लाल भडक आणि व्हिनेगरचा वास ओट्यापर्यंत येणारा. आम्ही दोघी ते खात नाही, त्यामुळं चवीचं सांगता येणार नाही. शाकाहाऱ्यांनी आधी फोनवर सांगितलं तर वालाची भाजी आणि डाळ होते. पण खरं सांगायचं तर शाकाहाऱ्यांनी एवढ्यासाठी होडीत बसू नये.

पानं उठल्यावर आंटी हात पुसत बाहेर आल्या आणि आमच्या टेबलावर बसल्या. मी मसाल्याचं विचारलं. मला वाटलं होतं टाळतील. उलट त्यांनी धडाधड सांगायला सुरुवात केली, मी मोबाइलमध्ये लिहून घेत होते आणि सूनबाई दारातून दुरुस्त्या करत होत्या. बेडगी, काश्मिरी आणि रेशमपट्टी मिरची. धने, हळकुंड, जिरं, मोहरी, तीळ, खसखस, मिरी, लवंग, दालचिनी, नागकेशर, दगडफूल, तिरफळ, मायपत्री. शिवाय गहू आणि चणे, ते भाजून त्यातच कुटायचे. त्यानं कालवणाला अंग येतं, वेगळं पीठ लावावं लागत नाही. यादी पंचवीसच्या पुढं गेली तेव्हा मी मोजणं सोडलं. आमच्या चटणीत निम्मा भार कांदा-लसूण-खोबऱ्याचा असतो, त्यामुळं ती ओलसर. हा मसाला कोरडा, आणि म्हणूनच बाटलीत वर्ष काढतो.

बाटली म्हणजे बिअरचीच, तपकिरी काचेची. उजेड लागला की रंग उडतो. बाटल्या धुऊन कडक उन्हात वाळवायच्या, मसाला थोडा थोडा टाकत लाकडी काठीनं ठासून भरायचा, हवा राहता कामा नये, आणि बूच गच्च. परसात तीसेक बाटल्या उलट्या घालून ठेवल्या होत्या. शेजारी लाकडाचं भलंमोठं उखळ.

पूर्वी कुटणाऱ्या बायका उन्हाळ्यात गावोगाव फिरायच्या. एका घरी दोन दिवस राहायच्या, त्या घरच्या प्रमाणानं कुटून द्यायच्या, मग पुढच्या घरी. मुसळ तालावर पडावं म्हणून गाणी असायची. आता तशा बायका कमी राहिल्यात, बहुतेक लोक गिरणीतून दळून आणतात. आंटींकडे अजून गावातल्याच चौघी येतात. गिरणीत मसाला तापतो आणि वास जातो, असं त्यांचं मत. हे मला पटलं, आमच्याकडं डंक आणि चक्की यांवरून हीच भांडणं होतात.

"सगलं लिवून घेतलंस," आंटी म्हणाल्या, "पन तुजे घरा नाय व्हनार."

का?

"लाकडावर भाजशील?"

दोन बाटल्या विकत घेतल्या. मसाला हवा असेल तर मे महिन्याच्या मध्यावर या, पावसाळा लागला की संपतो. पैसे रोख ठेवा, गावात मोबाइलला रेंज येते-जाते आणि ओट्यावर तर येतच नाही.

निघताना एक गोष्ट राहून राहून डोक्यात येत होती. ज्या मिरचीच्या तिखटावरून आम्ही कोल्हापूरवाले एवढी कॉलर ताठ करतो ती सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी अमेरिकेकडून आणली, आणि त्यांचं राज्य आमच्या पंचगंगेवर नव्हे, ह्या खाडीच्या दोन्ही काठांवर होतं. त्याआधी आपल्याकडं तिखट म्हणजे मिरी आणि पिंपळी. मनोरीच्या चुलींनी मिरची आमच्या आधी ओळखली असणार, निदान मला तरी तसं वाटतं. ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, हे कोल्हापुरात बोलू नकोस.

रात्री गावातच एका घरगुती लॉजवर राहिलो. खोली साधी, स्वच्छ, पंखा कुरकुरणारा. संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. काळसर वाळू, फारशी गर्दी नाही, पण भरतीनं आणून टाकलेलं प्लॅस्टिक खूप, आणि कुत्री. सूर्यास्तासाठी म्हणून कुणी इथं येऊ नये. गावासाठी यावं, जेवणासाठी यावं.

रविवार : गोराई, उत्तन, भाईंदर

सकाळी सायकलवर पाववाला आला. लॉजच्या बाईंनी चहा दिला आणि आम्ही आंटींनी बांधून दिलेले फुगे त्यात बुडवून खाल्ले. शिळे फुगे ताज्यांहून चांगले लागतात, हे माझं प्रामाणिक मत आहे.

मनोरी, गोराई, उत्तन ही सगळी धारावी बेटावरची गावं. (झोपडपट्टीची धारावी ती नव्हे, ही भाईंदरच्या पश्चिमेची.) त्यामुळं आल्या वाटेनं परत न जाता रिक्षानं गोराईवरून उत्तन गाठायचं आणि भाईंदरला लोकल पकडायची, हा रस्ता जास्त चांगला. आधीच भाडं ठरवा. रविवारी पश्चिम रेल्वेचा ब्लॉक आहे का हेही बघून ठेवा.

गोराईला होली मॅजाय चर्च आहे, तीन राजांचं. ६ जानेवारीच्या आसपास इथला सण मोठा असतो. झाडांवरून विपश्यना पॅगोड्याचा सोनेरी घुमट दिसत राहतो. आत एकही खांब नाही आणि आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतात. मी मागं एकदा पाहिला होता, म्हणून उतरलो नाही. बंद पडलेल्या एस्सेल वर्ल्डचं मात्र वाईट वाटलं, शाळेच्या सहलीत कोल्हापूरहून तिथं आलो होतो.

उत्तन जवळ आलं हे नाकाला कळतं. समुद्राच्या बाजूनं बांबूच्या वलांडी, माणसाच्या दुप्पट उंचीच्या, आणि त्यांवर बोंबील. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोडी दोरीवर टाकतात, गाठ नको, हूक नको. हजारो जोड्या वाऱ्यावर हलतात आणि ऊन पडलं की जवळजवळ पारदर्शक दिसतात. मी फोटो काढत बसले, ताई भाव करत बसल्या.

ज्या कोळीणीशी भाव चालला होता तिनं आधी आम्हाला नखशिखांत बघितलं. "कुठनं आलाव?" मनोरीला जेवून आलो म्हटल्यावर म्हणाली, "वाडीन जेवून आलाव आनि बोंबील आमचं नेताव, बरं जमलं." मग तिनं स्वतःहून जवळ्याची कृती सांगितली. जवळा कोरडा भाजायचा, चाळून घ्यायचा, तेलावर भरपूर कांदा आणि ठेचलेला लसूण, कोळी मसाला, शेवटी कैरीच्या फोडी. पाणी अजिबात नाही. ती मसाल्यात बेडगीबरोबर लवंगी बरोबरीनं घालते. "बोटीवर जानाऱ्याला रंग नको, तिकट पायजे."

लालबागच्या दुकानदाराच्या प्रश्नाचं असंही उत्तर असतं, हे मी ताईंना म्हणणार होते, पण त्या तोवर बोंबलांच्या वजनावरून दुसऱ्या फेरीला भिडल्या होत्या.

सुकी मासळी घ्यायची तर पावसाळ्याआधी घ्या. १ जूनपासून मासेमारी बंद होते आणि पावसात वाळवायलाही ऊन नाही. बोंबील वाकवून बघा. चांगला वाळलेला कटकन मोडतो, वाकला तर ओल आहे. ताईंची ही परीक्षा कोळीणीला मुळीच आवडली नाही. ताईंनी तीन बोंबील मोडले तेव्हा तिनं ते तिन्ही वजनात धरले.

उत्तनमध्ये अवर लेडी ऑफ द सी चर्च आहे, समुद्राकडं तोंड करून. प्रार्थना सुटली होती. नवी कोरी साडी, डोक्यात गजरे, अंगावर सोनं अशा बायका बाहेर पडत होत्या आणि त्यातल्या निम्म्या दहा मिनिटांत घरचे कपडे घालून वलांडींखाली कामाला लागल्या.

तिथून चौक गावाला गेलो. धारावी किल्ल्याचे थोडेसे अवशेष आणि चिमाजी अप्पांचा पुतळा. खाली खाडीचं मुख, पलीकडं वसई. १७३९ साली मराठ्यांनी वसई घेतली ती मोहीम शाळेत पाठ केली होती, पण हे बेट हातात असणं का महत्त्वाचं ते इथं उभं राहिल्यावर एका नजरेत कळतं. वसईला येणारं-जाणारं प्रत्येक गलबत इथून दिसतं. दुपारी मात्र इथं सावलीचा पत्ता नाही. पाणी बरोबर घ्या, टोपी घ्या, आणि शक्य असेल तर उन्हं कलल्यावर जा. आम्ही साडेबाराला गेलो आणि बारा पंचेचाळीसला परत फिरलो.

भाईंदरच्या बसमध्ये आमच्या पिशवीमुळं कुणी नाक मुरडलं नाही. सगळ्यांच्याच पिशव्यांत तेच होतं.

सोमवार : परत

दिवसभर ताईंच्या घरी मसाला बरण्यांत भरला. हिंगाचे खडे वर ठेवले, बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं. दुपारी त्यांनी मालवणी मसाल्यात बोंबील केले आणि मी हट्टानं त्यातली एक वाटी बाजूला काढून त्यात आंटींचा मसाला घालून उकळी दिली. भाचा पहिल्यांदा मालवणी जेवला, मग दुसरी वाटी संपवली, आणि दोन्हींना चांगलं म्हणून उठून गेला. अशा माणसाकडून काय निकाल मिळणार.

रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस. बोंबील तीन पिशव्यांत गुंडाळून, वर्तमानपत्र लावून, बॅगेच्या तळाशी ठेवले होते. तरी कल्याणच्या आत समोरच्या बर्थवरचे काका उठून बसले. मला वाटलं आता तक्रार येणार.

"उत्तनचे का?" त्यांनी विचारलं.

मिरजेचे होते, नोकरी सगळी वसईला गेलेली. कर्जतपर्यंत आम्ही बोंबलांवर बोललो. मनोरीच्या ओट्याचं सांगितल्यावर त्यांनी डायरी काढून मार्वेची बस, होडी, चर्चमागची आळी असं सगळं लिहून घेतलं. पहाटे मिरजेला उतरताना मला हलवून उठवलं आणि विचारलं, "शाकाहारी बायकोला न्यायचं तर जमेल का हो तिथं?"

मी ताईंचा नंबर दिला.